भूकंप: तिसऱ्या मजल्यावरून पळायचं की टेबलाखाली शिरायचं? आणि कपाट भिंतीला नेमकं कसं बांधायचं?

उंबरठा:

घर तिसऱ्या मजल्यावर. आरसीसी इमारत, तळमजल्यावर फक्त पार्किंग. घरात चार माणसं, त्यातल्या आई व्हीलचेअरवर असतात. भूकंपात काय करावं याचे तीन सल्ले सतत फिरत असतात आणि तिन्ही एकमेकांच्या उलट आहेत. एक म्हणतो दाराच्या चौकटीत उभे राहा. दुसरा म्हणतो पलंगाच्या किंवा कपाटाच्या शेजारी आडवे व्हा, तिथे त्रिकोणी पोकळी राहते. तिसरा म्हणतो सगळं सोडून बाहेर पळा. यातलं खरं कुठलं, आणि का, ते कारणासकट हवं आहे.

दुसरा प्रश्न कपाटाचा. आईंच्या पलंगाच्या पायथ्याशी प्लायवूडचं ७ फूट उंच, दीड फूट खोल कपाट आहे. खोली लहान असल्यामुळे ते हलवता येत नाही. मागची भिंत अर्ध्या विटेची, म्हणजे साडेचार इंची. गॅस सिलिंडर ओट्याखाली असतो. कुठला स्क्रू, किती खोल भोक, काय आधी आणि काय नंतर, असं नेमकं सांगणारं कुणी असेल तर कृपया लिहा.

ओळंबा:

स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून उत्तर देतो. तुमच्या घराला तिन्हीपैकी एकही सल्ला लागू नाही.

चौकटीची समजूत जुन्या कच्च्या विटांच्या घरांवरून आली. भिंती कोसळायच्या आणि लाकडी चौकट तेवढी उभी दिसायची. आरसीसी घरात चौकट भार घेत नाही, ती पातळ भिंतीत नुसती बसवलेली असते. वर हादऱ्यात दार उघडझाप करून बोटांवर आपटतं, आणि बाजूने उडत येणाऱ्या वस्तूंपासून चौकटीत काहीही आडोसा नसतो.

त्रिकोणी पोकळीचा सल्ला जास्त धोकादायक आहे. इमारत बसलीच तर पोकळी कुठे राहील हे आधी कुणालाच सांगता येत नाही. कपाट किंवा पलंग हादऱ्यात जागेवर राहत नाही. तो सरकतो, कपाट तर आडवंच होतं. ज्याच्या आधाराला झोपायचं तेच अंगावर येतं. शिवाय हा सल्ला गृहीत धरतो की इमारत पडणारच. प्रत्यक्षात भूकंपात हललेल्या इमारतींपैकी बहुसंख्य उभ्या राहतात, आणि त्यांच्यातली माणसं जखमी होतात ती पडलेल्या कपाटांनी, काचांनी, टीव्हीने आणि पळताना पडल्यामुळे.

आता पळण्याचं गणित. एका मजल्याला १८ ते २० पायऱ्या धरा, तीन मजल्यांच्या ५५ ते ६०. शांत वेळी, धडधाकट माणूस अर्ध्या सेकंदाला एक पायरी उतरला तरी अर्धा मिनिट, वर दारापर्यंत पोचायला आणि कड्या काढायला लागेल तो वेळ वेगळा. जोराचं हलणं साधारण १० ते ६० सेकंद चालतं. म्हणजे ते सगळं तुम्ही जिन्यात काढणार. जिना हा इमारतीचा सर्वांत अवघड भाग असतो, कारण तो दोन मजल्यांना तिरका जोडलेला असल्यामुळे मजले जसे एकमेकांच्या मानाने सरकतात तसा तो ताणला आणि दाबला जातो. जिन्यातून सुटून बाहेर पडलात की पुढचे काही फूट सर्वांत वाईट: काचा, सज्जे, गच्चीचा कठडा, एसीची बाहेरची युनिटं सगळं तिथेच पडतं.

म्हणून तिसऱ्या मजल्यावर एकच क्रम: खाली, झाकून, धरून.

खाली म्हणजे गुडघे आणि हात टेकून. उभ्या माणसाला हादरा पाडतो, टेकलेल्याला पाडत नाही, आणि या अवस्थेत रांगत दोन-चार फूट सरकताही येतं. मग मजबूत टेबलाखाली. एका हाताने टेबलाचा पाय धरायचा, दुसऱ्या हाताचा पंजा मानेच्या मागच्या बाजूला, जिथे कवटी मानेला मिळते तिथे. टेबल सरकेल तसं त्याच्याबरोबर सरकायचं. धरण्याचं कारण तेवढंच आहे. न धरणाऱ्याचं टेबल निघून जातं आणि तो उघड्यावर राहतो. टेबलाचा वरचा भाग काचेचा असेल तर त्याखाली शिरू नका. टेबल जवळ नसेल तर आतल्या भिंतीशी, खिडकी आणि उंच कपाटापासून दूर, गुडघ्यांवर बसून डोकं छातीशी आणि दोन्ही हात मानेवर. पलंगावर झोपलेले असाल तर उतरू नका. पालथं व्हा, उशी डोक्यावर आणि मानेवर दाबून धरा. अंधारात पलंगावरून उडी मारणाऱ्याचे पाय फुटलेल्या काचेवर पडतात.

लिफ्टमध्ये असाल तर सगळ्या मजल्यांची बटणं दाबा आणि जिथे पहिल्यांदा थांबेल तिथे उतरा.

तुमच्या प्रश्नात मला सर्वांत जास्त खटकलं ते तळमजल्यावरचं नुसतं पार्किंग. वरच्या मजल्यांवर कॉलमच्या मध्ये विटांच्या भिंती असतात, त्यामुळे ते ताठ असतात. खाली फक्त कॉलम. मग सगळं वाकणं त्या एकाच मजल्यात गोळा होतं आणि कॉलमचे वरचे-खालचे टोक तुटतात. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून २०० किलोमीटरहून जास्त दूर असलेल्या अहमदाबादमध्ये अशा पार्किंगवर उभ्या इमारती बसल्या. प्रत्येक पार्किंगवाली इमारत वाईट असते असं नाही. आराखडा करताना हे धरलेलं असेल तर खालचे कॉलम मुद्दाम जाड आणि जास्त सळयांचे केलेले असतात. पण ते डोळ्यांनी कळत नाही. सोसायटीने मूळ स्ट्रक्चरल ड्रॉइंग काढून ठेवावीत आणि तपासणी करून घ्यावी. उपाय असतात: ठरावीक ठिकाणी दोन कॉलमच्या मध्ये काँक्रीटची भिंत, स्टीलचे तिरके आधार, किंवा कॉलमभोवती नवीन सळया आणि काँक्रीटचं कवच.

तपासणीत एक बारीक गोष्ट विचारा: कॉलममध्ये उभ्या सळयांभोवती बांधलेल्या लोखंडी रिंगांची टोकं कशी वाकवली आहेत. टोक ९० अंशात वाकवलेलं असेल तर बाहेरचं काँक्रीट गळल्यावर रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेरच्या बाजूला फुगतात. टोक १३५ अंशात वाकवून आतल्या काँक्रीटमध्ये रुतवलेलं असेल तर रिंग बंद राहते आणि कॉलम भेगाळूनही भार धरून ठेवतो. वाकवण्याचा एवढासा फरक, पण इमारत भेगाळून उभी राहणार की बसणार हे पुष्कळदा त्यावर ठरतं.

आणि गच्चीवर नवीन टाकी बसवायचा विषय निघाला तर आधी इंजिनिअरला विचारा. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, आणि तेही सर्वांत जास्त हलणाऱ्या जागी.

रंधा:

कपाटाचं मी सांगतो, फर्निचर बसवण्याचंच काम आहे.

आधी ते पडतं कधी हे समजून घ्या. सुटं उभं असलेलं कपाट साधारणपणे त्याची खोली भागिले उंची एवढ्या प्रमाणात आडवा धक्का बसला की उचलतं. तुमचं दीड फूट भागिले ७ फूट, म्हणजे ०.२१. त्याच्या वजनाच्या २१ टक्के आडवा जोर त्याला पुरतो. एक फूट खोल आणि ६ फूट उंच पुस्तकांचं शेल्फ तर १७ टक्क्यांतच जातं. वरच्या मजल्यांवर हेलकावा जमिनीपेक्षा मोठा असतो, त्यामुळे हे आकडे सहज ओलांडले जातात.

पण वरच्या कडेला धरून ठेवायला लागणारा जोर मात्र माफक असतो. भरलेलं कपाट १५० किलो धरा आणि त्याच्या वजनाएवढाच आडवा धक्का बसला असं माना, तरी वरच्या कडेला ओढ येते ती सुमारे ६० किलोची. म्हणूनच कपाट भिंतीला जोडणारी लोखंडी एल पट्टी वरच लावायची. कपाटाच्या मध्यावर लावली तर तीच ओढ दुप्पट होते, तळाशी लावून उपयोगच नाही.

पट्टी कपाटाला कुठे लावता ते फार महत्त्वाचं, आणि जवळपास सगळ्या चुका इथेच होतात. कपाटाची मागची फळी ४ ते ६ मिमीची असते, खिळ्यांनी किंवा स्टेपलने मारलेली. तिच्यात स्क्रू घातला तर भिंत आणि फळी जागेवर राहतात आणि कपाट त्यांना सोडून पुढे येतं. पट्टी वरच्या फळीला लावा, ती बहुधा १८ मिमीची असते, किंवा उभ्या बाजूच्या फळीला वरच्या टोकाशी. १८ मिमी प्लायमध्ये १६ मिमीचा स्क्रू पुरेल, पण मी आरपार भोक पाडून ६ मिमीचा बोल्ट, आतून मोठा वॉशर आणि नट हेच सुचवेन. पार्टिकल बोर्डाचं कपाट असेल तर बोल्टच हवा, कारण तो बोर्ड स्क्रू धरत नाही.

एल पट्टी किमान ३ मिमी जाड लोखंडाची घ्या. पडद्याच्या दांडीबरोबर येते ती पत्र्याची पट्टी सरळ होते. दोन्ही टोकांपासून हातभर आत एकेक आणि मध्ये एक, अशा तीन.

आता भिंत. साडेचार इंची भिंतीत दोन्ही बाजूंचा गिलावा धरूनही जास्त खोल जाता येत नाही, नाहीतर पलीकडे टवका उडतो. आतला गिलावा १२ ते २० मिमी. प्लगचं काम त्याच्या पुढे, विटेत सुरू होतं. म्हणून ८ मिमी बिट, भोक ७० मिमी खोल, ५० मिमी लांबीचा नायलॉन प्लग, आणि ६ मिमी × ७० मिमी स्क्रू. बिटवर ७० मिमीला चिकटपट्टी गुंडाळा म्हणजे अंदाज चुकणार नाही. प्लग गिलाव्याशी सपाट ठेवायचा नाही, १५-२० मिमी आत ढकलायचा. सपाट ठेवलेला प्लग निम्मा गिलाव्यात राहतो आणि ओढ आली की गिलाव्याचा पोपडा घेऊनच बाहेर येतो.

भोक विटेच्या मधोमध हवं, दोन विटांच्या सांध्यात नको. बाहेर येणाऱ्या भुकटीवर नजर ठेवा: पहिले दीड-दोन सेंटिमीटर करडी, मग लाल आली तर वीट लागली. करडीच येत राहिली तर एकतर सांधा आहे किंवा काँक्रीट. बिट जड जात असेल तर काँक्रीट, आणि मग ते उत्तमच, कारण बीमसारखी पकड कशातच नाही. बिट सहज आत जात असेल तर सांधा. किमान दोन इंच बाजूला दुसरं भोक पाडा. भुकटी पंपाने किंवा स्ट्रॉने फुंकून काढा. भुकटीत बसवलेला प्लग फुगत नाही. वीजवाहिनी स्विचच्या थेट वर किंवा खाली जात असते, त्या उभ्या रेषेत भोक पाडू नका.

कपाट भिंतीला टेकलेलं नसेल, खाली पाट्या असल्यामुळे अंतर पडत असेल, तर त्या फटीत लाकडाची फळी भरा. मोकळी फट ठेवून बांधलेलं कपाट प्रत्येक हेलकाव्याला भिंतीवर आपटतं आणि पट्टीला झटके बसतात.

शेवटचं, दारं. बांधलेलं कपाटही दारं उघडून आतलं सगळं पलंगावर ओततं. चुंबकाची कडी हादऱ्यात सुटते. छोटी दाबून उघडायची किंवा फिरवायची कडी लावा. जड बॅगा आणि ट्रंक वरून उतरवून सर्वांत खालच्या खणात ठेवा.

स्वयंसेवक_७:

आईंच्या बाबतीत. धक्के चालू असताना त्यांना उचलायचा, पलंगावरून खुर्चीत किंवा खुर्चीतून टेबलाखाली न्यायचा प्रयत्न करू नका. दोघंही पडता. व्हीलचेअरवर असतील तर: दोन्ही चाकांचे ब्रेक, मग शक्य तितकं पुढे वाकून दोन्ही हात डोक्यावर आणि मानेवर. हात वर जात नसतील तर मांडीवर कायम एक जाड उशी ठेवा, ती डोक्यावर धरायची. खुर्चीला पट्टा असेल तर तो नेहमी लावलेला. त्यांच्या दिवसभराच्या बसण्याची जागा आतल्या भिंतीपाशी ठरवा, खिडकीपासून आणि टीव्हीपासून लांब. पलंगावर असतील तर तिथेच, उशी डोक्यावर. म्हणजे त्यांचं सगळं संरक्षण पलंगाभोवती काय आहे यावर अवलंबून आहे, आणि म्हणून ते कपाट या घरातलं पहिलं काम आहे. पलंगाच्या डोक्याशी तसबीर, आरसा, घड्याळ काहीही नको.

पलंगाच्या पायाला एक कापडी पिशवी बांधून ठेवा. तिच्यात जाड तळाचे बूट, टॉर्च, शिट्टी. बांधून, कारण पलंगाखाली नुसती सरकवलेली पिशवी हादऱ्यानंतर खोलीच्या दुसऱ्या टोकाला सापडते. घरातल्या प्रत्येकाच्या पलंगाला अशी एक.

धक्के थांबल्यावर त्यांना खाली उतरवायला दोन ते तीन माणसं लागतील. शेजारच्या दोन घरांशी आजच बोलून ठेवा, आणि खुर्ची जिन्यात कशी धरायची ते एकदा रिकामी खुर्ची घेऊन करून पाहा. विजेवर चालणारी खुर्ची जिन्यातून उचलता येत नाही, त्यासाठी एक साधी घडीची खुर्ची हवी. रोजच्या औषधांचा किमान आठवड्याचा साठा आणि डोससकट लिहिलेली यादी बाहेर नेण्याच्या बॅगेत.

गॅस: हलणं सुरू झालं आणि तुम्ही शेगडीपाशी असाल, बटण हाताच्या अंतरावर असेल, तर बंद करा आणि खाली बसा. त्यासाठी दुसऱ्या खोलीतून धावत जाऊ नका, गरम भांडी तिथेच सांडत असतात. थांबल्यावर रेग्युलेटर बंद. वास आला तर विजेचं कुठलंही बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, दोन्हीत ठिणगी पडते. सिलिंडरमधला वायू हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, म्हणून नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दार उघडा. पाइपचा गॅस असेल तर मुख्य व्हॉल्व्ह फक्त वास आला किंवा गॅस सुटल्याचा आवाज ऐकू आला तरच बंद करा, आणि एकदा बंद केलेला कंपनीच्या माणसाकडूनच पुन्हा सुरू करून घ्या. सिलिंडर वरच्या तिसऱ्या हिश्शात पट्ट्याने किंवा साखळीने भिंतीला बांधा, आणि रबरी नळीला थोडी ढील ठेवा. ताणलेली नळी पहिल्याच धक्क्याला निसटते.

गॅसचा वास नसेल तर घर सोडताना विजेचा मुख्य स्विच पाडा. १७ जानेवारी १९९५ ला कोबेच्या भूकंपानंतर लागलेल्या आगींपैकी बऱ्याच वीज परत आल्यावर लागल्या, पडलेले हीटर आणि चिरडलेल्या वायरी यांच्यामुळे.

पाणी माणशी दिवसाला ४ लिटर. चौघांना तीन दिवसांचे ४८ लिटर, जमेल तर आठवड्याचे ११२. मोठ्या पिंपापेक्षा १० लिटरचे कॅन बरे, उचलता येतात. जमिनीवर ठेवायचे, माळ्यावर नाही. पाण्याबद्दल शंका असेल तर एक मिनिट खळखळून उकळा. उकळणं शक्य नसेल तर सुगंध नसलेलं, ५ ते ६ टक्क्यांचं साधं ब्लीच लिटरला २ थेंब, ढवळून ३० मिनिटं. गढूळ असेल तर आधी कापडातून गाळून ४ थेंब. गीझरच्या टाकीतही पाणी असतं, काढण्याआधी त्याची वीज तोडा.

बाकी बॅगेत काय असावं ते सगळीकडे लिहिलेलं असतं. त्यात एक विसरलं जातं: फोन नंबर कागदावर. बॅटरी संपली की कुणालाच कुणाचा नंबर पाठ नसतो. दूरच्या गावातला एक नातेवाईक ठरवा, सगळ्यांनी त्यालाच एसएमएस करायचा. कॉल लागत नसतो तेव्हाही एसएमएस हळूहळू का होईना, जातो.

भूस्तर:

ओळंबा यांचं आरसीसी घरासाठी पूर्ण बरोबर. पण हा धागा दगड-मातीच्या घरात राहणारेही वाचतील, आणि त्यांच्यासाठी तोच सल्ला तसाच चालणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला मारलं ते जाड दगडी भिंतींनी आणि वरच्या जड माळवदांनी, म्हणजे मातीच्या सपाट छतांनी. अशा भिंतीत आतला आणि बाहेरचा असे दोन थर असतात, मध्ये चिखल आणि कपची. हादऱ्यात थर सुटे होतात आणि माळवद खाली येतं. त्याच्या वजनापुढे टेबल टिकत नाही. तुम्ही अशा घरात तळमजल्यावर आहात, दार दोन-चार पावलांवर आहे आणि बाहेर खरोखर मोकळं अंगण आहे, तर पहिलं थरथरणं जाणवताच बाहेर पडणं योग्य. बाहेर अरुंद बोळ आणि दोन्हीकडे तशाच भिंती असतील तर नाही.

अशा घरांचा खरा उपाय बांधकामात आहे. भिंतीच्या पूर्ण जाडीतून जाणारे आरपार दगड, उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि लांबीत दर १२० सेंटिमीटरला, आणि दारं-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींवरून न तुटता फिरणारा, किमान ७५ मिमी जाडीचा सळयांचा काँक्रीट पट्टा. जुन्या घरातही दगड काढून, भोकात सळई आणि काँक्रीट भरून हे करता येतं. माळवदावर दर पावसाळ्याआधी नवीन माती टाकण्याआधी जुनी उतरवा.

ती पहिली थरथर म्हणजे काय तेही सांगतो. प्राथमिक लहर सेकंदाला साधारण ६ किलोमीटर जाते, मागून येणारी दुय्यम लहर साडेतीन. घरं पाडणारं आडवं हलणं दुसरीतलं. दोन्हींमधल्या सेकंदांना ८ ने गुणलं की अंदाजे अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. ५ सेकंदांचा फरक म्हणजे ४० किलोमीटर. फोनवर येणारी सूचना याच फरकावर चालते. तिला भाकीत समजू नका, भूकंप सुरू झालेला असतो. केंद्र जवळ असेल तर सूचना येण्याआधीच हादरा येतो. मेक्सिको शहर किनाऱ्याजवळच्या भूकंपांपासून काहीशे किलोमीटर दूर आहे, म्हणून तिथे १९९१ पासूनच्या यंत्रणेला मिनिटभर हाताशी मिळू शकतो. अमुक तारखेला भूकंप येणार असं सांगणारा कुठलाही संदेश पुढे पाठवू नका. तारीख सांगण्याची पद्धत आज कुणाकडेही नाही.

मागाहूनचे धक्के दिवसागणिक विरळ होतात. ढोबळमानाने दहाव्या दिवशी पहिल्या दिवसाच्या दहावा हिस्सा. पण विरळ होणं म्हणजे लहान होणं नव्हे. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ ला ७.८ चा भूकंप झाला आणि १७ दिवसांनी, १२ मे रोजी, ७.३ चा. जपानमध्ये कुमामोतोला १४ एप्रिल २०१६ च्या रात्री ६.५ चा झाला, लोकांनी तोच मुख्य धरला, आणि साधारण २८ तासांनी ७.३ चा आला. एका अंकाचा फरक म्हणजे ऊर्जा सुमारे ३२ पट. भेगाळलेल्या घरात सामान आणायला 'दोनच मिनिटं' जाणं यासाठीच टाळायचं.

आणि समुद्रकिनारी असाल तर त्सुनामीचा धोका धरून: हलणं २० सेकंदांहून जास्त चाललं की थांबताच चालत उंचावर निघा. भोंग्याची किंवा बातमीची वाट पाहायची नाही.

उंबरठा:

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गोष्टी अडल्या. एका भोकात प्लग स्क्रूबरोबर गोल फिरतो आहे, भुकटी करडी होती आणि बिट लोण्यासारखा गेला. आणि दुसरं, धक्क्यानंतर घरात परत जायचं की नाही हे ठरवताना कुठल्या भेगा बघायच्या?

रंधा:

सांधा लागला आहे. त्या भोकात जाड प्लग किंवा काडी ठोकून चालवू नका, ते आज घट्ट वाटेल आणि ओढ आली की सुटेल. भोक सिमेंटने बुजवा आणि किमान दोन इंच बाजूला, विटेत, नवीन पाडा. पट्टीचं भोक जुळत नसेल तर पट्टी सरकवा, ती कुठे असावी हे भिंतीला ठरवू द्या. वीट ठिसूळ असेल तर आधी ड्रिलचा हॅमर बंद करून नुसतं फिरवून भोक पाडा, हॅमरने भोक रुंदावतं. एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची भिंत असणाऱ्यांनीही हॅमर वापरू नये, आणि साधा प्लग तर मुळीच नाही, त्या ब्लॉकसाठीचे लांब, रुंद दातांचे प्लग वेगळे मिळतात. घट्ट केल्यावर कपाटाची वरची कड दोन्ही हातांनी पुढे ओढून पाहा आणि बोट पट्टीच्या कडेवर ठेवा. पट्टी आणि भिंत यांच्यात किंचितही फट उघडताना जाणवली तर तो स्क्रू धरत नाही.

ओळंबा:

भेगा कुठे आहेत ते आधी बघा, रुंदी नंतर.

विटांची भिंत आणि वरचा बीम किंवा बाजूचा कॉलम यांच्या जोडावर सरळ रेषेत गेलेली भेग बहुधा दोन वेगळ्या वस्तू सुट्या झाल्याची असते, इमारतीच्या सांगाड्याची नसते. भिंतीवर गुणाकाराच्या चिन्हासारखी तिरकी भेग म्हणजे भिंतीने जोर घेतला. सांगाडा ठीक असू शकतो, पण ती भिंत पुढच्या धक्क्याला बाहेर पडू शकते, तिच्याशेजारी झोपू नका.

कॉलमवर तिरकी भेग, कॉलमच्या टोकाशी काँक्रीटचा टवका उडून सळई दिसणं, सळया फुगलेल्या असणं, कॉलम-बीमच्या सांध्यात भेग, किंवा एखाद्या मजल्याची दारं एकाएकी अडकायला लागणं: यातलं एकही असेल तर बाहेर, आणि तपासणी होईपर्यंत आत नाही. तुमच्या बाबतीत हे सगळं आधी पार्किंगमध्ये बघायचं, वरून खाली उतरताना, टॉर्च मारून, प्रत्येक कॉलमची वरची आणि खालची हातभर उंची. गिलावा फुगलेला दिसला तर तिथे थांबून ठोकून बघू नका, फोटो काढा आणि बाहेर पडा.

आज, काही झालेलं नसताना, पार्किंगमधल्या सगळ्या कॉलमचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. नंतर भेग जुनी की नवी हा वाद त्यावरच मिटतो. जी भेग आत्ताच आहे तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारा, शेजारी तारीख आणि मधली रुंदी मिलिमीटरमध्ये लिहा, आणि फोटोत भेगेला चिकटून मोजपट्टी ठेवा. पट्टीशिवायच्या फोटोवरून अर्धा मिलिमीटर आणि तीन मिलिमीटर यांतला फरक मलाही सांगता येत नाही.